पीक वाढलं, गाव आटलं

शेतीवरचा कुठलाही परिसंवाद घ्या, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अमेरिकेत शंभरातली दोन माणसंसुद्धा शेती करत नाहीत, तरी जगाला खाऊ घालतात, आपल्याकडे निम्मा देश शेतीत अडकून पडलाय." माना डोलतात. मग महाराष्ट्राचा आकडा येतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार आपली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. त्यावरून निष्कर्ष ठरलेला: माणसं शेतीबाहेर काढा, तुकडे जोडा, यंत्रं आणा. यातलं एकेक विधान सुटं घेतलं तर खोटं नाही. पण ज्या प्रदेशाचा दाखला देऊन हे सांगितलं जातं, तिथल्या गावांचं पुढे काय झालं ते मात्र व्यासपीठावर कोणी बोलत नाही. चहापानात विचारलं तर "तो वेगळा विषय" असं उत्तर मिळतं. माझ्या मते विषय तोच आहे.

अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं आयोवा हे मक्याचं, सोयाबीनचं आणि डुकरांचं राज्य. त्याच्या ईशान्येला, मिनेसोटाच्या हद्दीपासून दहा-बारा मैलांवर, क्रेस्को नावाचं गाव आहे. हावर्ड काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, हे मुख्य ठिकाण. २०२० च्या जनगणनेत वस्ती चार हजारांच्या थोडी आत भरली. न्यायालयाची जुनी इमारत, पाण्याची उंच टाकी, धान्याचे सिलो, चर्च, हायस्कूल, ट्रेलर बनवणारा एक कारखाना, इंजिनांचे फिल्टर बनवणारा दुसरा. आयोवाला कुस्तीचं वेड, तर राज्याचं कुस्तीचं सन्मानदालन याच गावात. जगातली पहिली विमानसेविका एलन चर्च इथलीच. १९३० साली ती विमानात कामाला लागली आणि गावाच्या छोट्या विमानतळाला आज तिचं नाव आहे.

आणि नॉर्मन बोरलॉग इथले. १९१४ साली क्रेस्कोजवळच्या नॉर्वेजियन वस्तीत, आजोबांच्या शेतावर त्यांचा जन्म झाला. आठवीपर्यंत एकखोली शाळा, मग क्रेस्कोचं हायस्कूल, तिथे कुस्ती, आणि १९३३ साली मिनेसोटा विद्यापीठात जायला म्हणून गाव सुटलं. पुढची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मेक्सिकोत त्यांनी तयार केलेल्या बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं १९६६ साली भारतानं आणलं, उत्तर भारताची कोठारं भरली, १९७० साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्यांनीच पुढे १९८६ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार सुरू केला. पहिला मान स्वामीनाथन यांना मिळाला आणि १९९८ साली तो जालन्याचे बियाणं-उद्योजक बद्रीनारायण बारवाले यांच्याकडे आला. म्हणजे हावर्ड काउंटी आणि जालना यांचं नातं अगदीच ओढूनताणून आणलेलं नाही.

या थोर माणसाबद्दल एक साधी गोष्ट मात्र सहसा कोणी नोंदवत नाही: ते परत आले नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही. क्रेस्कोसारख्या गावाचं गेल्या शंभर वर्षांतलं सगळ्यात भरवशाचं उत्पादन म्हणजे शिकून बाहेर गेलेली मुलं. गाव कर भरून शाळा चालवतं, शिक्षक जीव ओतून शिकवतात, शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या सामन्याला आख्खं गाव लोटतं, आणि अठराव्या वर्षी त्यातली हुशार पोरं मिनियापोलिस, शिकागो किंवा डि मॉइनची वाट धरतात. हावर्ड काउंटीत १९०० साली चौदा हजारांवर माणसं होती. २०२० मध्ये साडेनऊ हजारही उरली नव्हती. आयोवाच्या ९९ काउंट्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक काउंट्यांची लोकसंख्या २०१० ते २०२० या दशकात घटली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात या राज्याचे ११ प्रतिनिधी बसत. आज चार बसतात.

हे सगळं शेती बुडाली म्हणून झालं असतं तर समजण्यासारखं होतं. पण शेती बुडाली नाही, ती अफाट यशस्वी झाली. बोरलॉग शाळेत जात तेव्हा अमेरिकेत मक्याचा सरासरी उतारा एकरी २५ बुशेलच्या आसपास होता, आपल्या मापात सव्वासहा क्विंटल. २०२४ साली आयोवाची सरासरी २११ बुशेल पडली, म्हणजे एकरी ५३ क्विंटल. आपल्याकडे कोणी एवढा मका काढला तर त्याच्या शेतावर बसगाड्या भरून माणसं बघायला येतील. त्याच काळात तिथल्या शेतकरी कुटुंबांचं काय झालं? १९५० साली आयोवात दोन लाखांवर फार्म होते. २०२२ च्या कृषिगणनेत सुमारे ८७ हजार उरले, आणि त्यातलेही बरेचसे नावापुरते. घरातल्या एकाची शाळेत नाही तर दवाखान्यात नोकरी असते, पगारासाठी आणि त्याहून जास्त आरोग्यविम्यासाठी.

पूर्वी मका हातानं काढत. तळहाताला लोखंडी आकडा बांधायचा, त्यानं कणसावरचं पान फाडायचं, कणीस मोडून गाडीच्या फळीवर भिरकवायचं, आणि घोडे आपणहून चार पावलं पुढे. दिवसाला शंभर बुशेल काढणारा गडी पंचक्रोशीत नावाजलेला असे. हे काम ऑक्टोबरात सुरू होऊन बर्फ पडेपर्यंत चाले. आजचा कम्बाइन तेवढा मका पाच मिनिटांच्या आत काढून, सोलून, दाणे वेगळे करून टाकीत ओततो. ते दिवस परत यावेत असं कोणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही; ज्यांनी तो आकडा बांधला त्यांना तर मुळीच नाही.

प्रश्न यंत्राचा नाही, गावाच्या हिशेबाचा आहे. ही गावं मुळात वसली कशी ते पाहिलं म्हणजे तो उलगडतो. १७८५ च्या भूमापन कायद्यानं जमिनीवर चौकोनी जाळं टाकलं: एक मैल लांब, एक मैल रुंद, ६४० एकरांचा एक तुकडा. आजही विमानातून आयोवा पाहिलं तर शिवार चौकटीच्या वहीसारखं दिसतं. (जमीन रिकामी होती असं समजू नये. शेजारच्या काउंटीला ज्याचं नाव आहे तो विनेशीक हा हो-चंक लोकांचा प्रमुख. १८४८ साली त्या लोकांना इथून हलवून मिनेसोटात नेलं आणि मग भूमापकांना मैदान मोकळं झालं.) त्या जाळ्यावर रेल्वे आली, आणि घोडागाडीनं धान्य घेऊन जाऊन दिवे लागणीला घरी परतता येईल इतक्या अंतरावर गावं बसली. गाव म्हणजे शेतकऱ्याच्या गरजांचा गठ्ठा: धान्याचं कोठार, लोहार, बँक, किराणा, डॉक्टर, चर्च, शाळा. दर १६० एकरांमागे एक कुटुंब आहे हे त्या गावाचं गृहीतक. ते कुटुंब हललं की लोहार हलतो, मग किराणा, मग शाळेचा एक वर्ग कमी होतो. मक्याचा उतारा आठपट झाल्यानं त्यात काही भर पडत नाही, कारण मका केस कापून घेत नाही.

ऑक्टोबरात धान्याच्या कोठारावर काय चालतं ते पाहा. तिथे त्याला एलिव्हेटर म्हणतात. आपल्या मोंढ्याचं काम तिथे ते करतं. चोवीस टनांचा ट्रक काट्यावर चढतो. हे सुमारे साडेचार एकरांचं पीक. वरून एक नळी मालात घुसते, नमुना ओढून घेते, आत बसलेला माणूस ओलावा पाहतो. पंधरा टक्क्यांच्या वर गेला की वजनात घट धरतात आणि सुकवणीचा खर्चही लावतात. ट्रक पुढे सरकतो, जाळीवर माल ओततो, रिकामा पुन्हा काट्यावर येतो, पावती छापून निघते. भाव भिंतीवरच्या पडद्यावर असतो: शिकागोचा वायदा, त्यातून स्थानिक फरक वजा. हमाल नाही, अडत्या नाही, लिलाव नाही, घासाघीस नाही. शेतकऱ्यानं सुखी व्हावं असंच हे सगळं, आणि आपल्या बाजार समितीत दोन रात्री ट्रॉलीखाली झोपलेल्याला त्याचा हेवा वाटेल. फक्त एक गोष्ट झाली. तिथल्या शेतकऱ्याच्या आजोबांचा याच कामाचा दिवस गावात जायचा. न्हावी, लोखंडी सामानाचं दुकान, कॉफी, कोणाच्या घरी कोण आजारी आहे याची चौकशी. नातू दहा-पंधरा मिनिटांत ट्रकच्या केबिनमधून न उतरता परत फिरतो.

आता कोणी म्हणेल, हा काळाचा महिमा. इथेच मी अडतो. काळ स्वतःहून काही करत नाही. कोणीतरी कायदा करतं, कोणीतरी अनुदान वाटतं. १९७० च्या दशकात अमेरिकेचे कृषिमंत्री अर्ल बट्झ शेतकऱ्यांना बांधापासून बांधापर्यंत पेरायला सांगत होते. मोठे व्हा, नाही तर बाजूला व्हा, हा त्या काळाचा सरकारी सूर होता. बँकांनी कर्ज वाटलं, जमिनीचे भाव चढले, चढत्या भावावर आणखी कर्ज निघालं. मग १९८० च्या जानेवारीत कार्टर यांनी सोव्हिएत रशियाला जाणारं धान्य रोखलं, पाठोपाठ व्याजदर २० टक्क्यांवर गेले. आयोवातली सरासरी एकर १९८१ साली २,१४७ डॉलरची होती. १९८६ साली ७८७ डॉलरची. ज्यानं वरच्या भावात जमीन घेतली तो गेला. लिलाव झाले, गावच्या बँका बुडाल्या, माणसांनी जीव दिला. यवतमाळच्या वाचकाला पुढचं सांगायची गरज नाही.

त्या संकटात एक गोष्ट मात्र चांगली झाली आणि तिची आपल्याकडे चर्चाच होत नाही. १९८६ साली आयोवानं कायदा केला, की शेतकऱ्याची जमीन जप्त करण्याआधी सावकाराला मध्यस्थापुढे बसावंच लागेल. त्याच वर्षी केंद्रानं दिवाळखोरीच्या कायद्यात कुटुंबाच्या शेतीसाठी वेगळं प्रकरण घातलं, म्हणजे कर्ज फेडता फेडता शेत चालू ठेवता येईल. कर्जमाफीच्या घोषणेइतकं हे दिसायला झगमगीत नाही. पण ज्यांची घरं वाचली, त्यातली पुष्कळशी अशा टेबलावर वाचली.

तरीही मूळ दिशा बदलली नाही, कारण पैसा अजून एकरामागे जातो. पीकविम्याच्या हप्त्यातला साठेक टक्के वाटा सरकार भरतं, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. पाच हजार एकर कसणाऱ्याला पाचशे एकरवाल्याच्या दहापट आधार. मग शेजारची शंभर एकर भाड्यानं निघाली की बोली कोण जिंकणार हे उघड आहे. २०२३ साली आयोवातल्या सरासरी एकराची किंमत ११,८०० डॉलरच्या पुढे होती. वडिलांची जमीन नसेल तर पंचविशीतला पोरगा शेतकरी होऊच शकत नाही. निम्म्याहून अधिक जमीन भाडेपट्ट्यानं कसली जाते, आणि सुमारे दोन तृतीयांश जमिनीचे मालक पासष्टीपुढचे आहेत. त्यांच्या पश्चात ती वारसांकडे जाईल आणि वारस कधीच शहरवासी झाले आहेत. भाडं गावाच्या मातीतून निघतं, खर्च होतं दुसरीकडे.

शेताचा आकार आणि गावाची तब्येत यांचा संबंध कोणी मोजला नाही असंही नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या कृषिखात्यासाठी वॉल्टर गोल्डश्मिट या मानववंशशास्त्रज्ञानं कॅलिफोर्नियातली दोन गावं तपासली. आर्विनभोवती मोठाली शेतं, डिन्युबाभोवती कुटुंबांची छोटी शेतं. एकूण पिकाचं मोल साधारण सारखंच. डिन्युबात दुकानं जास्त, शाळा जास्त, उद्यानं, संस्था, निवडून आलेला कारभार. आर्विनमध्ये मजूर जास्त आणि बाकी सगळं कमी. टीकाकारांनी आक्षेप घेतला की आर्विन मुळात नवं गाव होतं, तुलना बरोबरीची नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण त्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात आणखी गावं तपासून मिळालं असतं, आणि मोठ्या शेतीच्या हितसंबंधांनी गदारोळ केल्यावर तो टप्पाच रद्द झाला. ज्यांना उत्तराची खात्री असते ते मोजणी बंद पाडत नाहीत.

दुकानांचं तर आणखी स्वच्छ मोजमाप आहे. आयोवा स्टेट विद्यापीठातले केनेथ स्टोन यांनी वॉलमार्ट आल्यानंतरची दहा वर्षं धरली. १९८३ ते १९९३ या काळात राज्यातली ५५५ किराणा दुकानं आणि २९८ हार्डवेअरची दुकानं गेली. स्वस्त मिळतं म्हणून लोक वीस-तीस मैल जाऊन खरेदी करू लागले. त्यांना दोष कसा द्यायचा? मक्याचा भाव पडला की त्यांनाही चार डॉलर वाचवायचे असतात. शाळाही एकमेकींत विलीन होत गेल्या. एकेकाळी या राज्यात मुलींच्या बास्केटबॉलचा एक न्यारा प्रकार होता, सहाजणींचा संघ, तिघी हल्ला करणाऱ्या, तिघी बचावाला, आणि मधली रेषा कोणी ओलांडायची नाही. शंभर-दीडशे मुलांची शाळासुद्धा राज्यस्पर्धेला पोचायची आणि अंतिम सामन्याला सभागृह ओसंडायचं. १९९३ साली तो प्रकार संपला. पाचजणींच्या खेळात मुलींना पुढे शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, हे चांगलंच झालं. पण असं काहीतरी संपलं की छोट्या गावाला राज्यभर मिरवायचं एक कारण कमी होतं.

या गावांच्या स्वभावाबद्दल बरंच गोड लिहिलं जातं, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. रस्त्यात समोरून येणारा अनोळखी माणूसही स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो. अग्निशमन दल गावातल्याच स्वयंसेवकांचं. भोंगा वाजला की मेकॅनिक हातातला पाना टाकून पळतो. मयताच्या घरी स्वयंपाक करावा लागत नाही, चर्चच्या तळघरात बायका हॅमचे सँडविच, बटाट्याचं भाजलं आणि चार प्रकारचे केक मांडून ठेवतात. ऐन सुगीत एखादा शेतकरी कर्करोगानं आजारी पडला, की सकाळी त्याच्या शेतात आठ-दहा कम्बाइन उभे. प्रत्येकानं आपलं पीक सोडून आलेलं. डिझेल सहकारी संस्थेकडून, जेवण शेजारणींकडून. दुपारपर्यंत शेकडो एकर मोकळं होतं आणि आलेली माणसं आभाराचं भाषण ऐकायला न थांबता निघून जातात. आभार मानून घेण्यात या लोकांना फार अवघडल्यासारखं होतं.

पण हे शेजारपण कोणापर्यंत पोचतं याला कुंपण आहे. क्रेस्कोहून तासाभराच्या आत, अलामाकी काउंटीत, पोस्टव्हिल नावाचं दोन-अडीच हजार वस्तीचं गाव लागतं. तिथला बंद पडलेला कत्तलखाना १९८७ साली ब्रुकलिनच्या एका हसिदी ज्यू कुटुंबानं घेतला आणि कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे कापलेल्या, मांसाचा कारखाना उभा केला. त्याआधीच मांसउद्योगानं शिकागोतल्या कामगार संघटनांपासून पळ काढून छोट्या गावांत कत्तलखाने हलवायला सुरुवात केली होती. आयोवातल्याच डेनिसनमध्ये १९६१ साली आयोवा बीफ पॅकर्सनं पहिला कारखाना काढला तो याच हिशेबानं. मजुरी घसरली, स्थानिक पोरं त्या कामाला जाईनात, मग ग्वाटेमालातून माणसं आली. पोस्टव्हिलच्या रस्त्यावर काळ्या टोप्या, स्पॅनिश किराणा आणि लुथरन चर्च शेजारी शेजारी नांदू लागले. धुसफूस होती, पण गाव भरत होतं. १२ मे २००८ रोजी हेलिकॉप्टर घेऊन केंद्राचे अधिकारी आले आणि त्यांनी ३८९ कामगार पकडून नेले. बायका-मुलं सेंट ब्रिजेट चर्चमध्ये जाऊन बसली, आणि गावातल्या जुन्या रहिवाशांपैकी अनेकांनी त्यांना आठवडेच्या आठवडे जेवू घातलं. नोव्हेंबरपर्यंत कारखाना दिवाळखोरीत गेला. कामगारांपैकी बहुतेकांना पाच महिने तुरुंग आणि मग हद्दपारी. व्यवस्थापकाला बँकेच्या फसवणुकीसाठी २७ वर्षांची शिक्षा झाली होती. २०१७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ती कमी करून त्याला सोडलं.

मिडवेस्टमधल्या ज्या छोट्या गावांची वस्ती वाढते आहे त्यातली बरीचशी पोस्टव्हिलच्याच वळणाची आहेत. कत्तलखान्यातल्या कामाला बाहेरची माणसं हवीत, मतदार म्हणून नकोत. हावर्ड काउंटीचं मतदान या संदर्भात सगळ्या अमेरिकेत गाजलं. २०१२ साली या काउंटीनं ओबामांना २१ टक्क्यांच्या फरकानं निवडून दिलं आणि २०१६ साली ट्रम्प यांना २० टक्क्यांच्या. देशातल्या तीन हजारांवर काउंट्यांत दोन्ही वेळा इतक्या मोठ्या फरकानं कौल देऊन बाजू बदलणारी दुसरी काउंटी नव्हती. शहरातले विद्वान म्हणाले, हा वर्णद्वेष. पण याच माणसांनी दोनदा ओबामांना मत दिलं होतं. दुसरे म्हणाले, हे गरिबीचं दुखणं. पण क्रेस्कोत कारखाने चालू होते, बेकारी फार नव्हती. मला ते तिसरंच वाटतं. दोन पिढ्या आपली मुलं बाहेर पाठवून बसलेल्या गावाला, तुमचं जाणं हा प्रगतीचाच भाग आहे असं दोन्ही पक्ष समजुतीच्या सुरात सांगत आले. जो माणूस निदान रागानं बोलला, त्याला त्यांनी मत दिलं. ते शहाणपणाचं होतं असं मी म्हणत नाही. २०१८ साली त्याच माणसानं चीनशी व्यापारयुद्ध छेडलं, चीननं अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं, भाव कोसळला आणि २०१८ व २०१९ या दोन वर्षांत सुमारे २३ अब्ज डॉलर भरपाई वाटावी लागली. वाटली कशी? पुन्हा एकरावर आणि उत्पादनावर. शिकागोतला तो धक्का जगभर पोचतो. लातूरच्या अडत्याच्या मोबाइलवरही सकाळी पहिला आकडा तिकडचाच असतो.

पाण्याचा विषय मी थोडक्यात उरकतो, तो स्वतंत्र लेखाचा आहे. शेताखाली पुरलेल्या निचऱ्याच्या नळ्यांतून खताचं नायट्रेट नदीत जातं आणि राजधानी डि मॉइनच्या नळाला येतं. २०१५ साली तिथल्या पाणीपुरवठा संस्थेनं वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांवर दावा लावला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. त्या काउंट्यांच्या वकिलांचा खर्च गुपचूप कोण भरतंय हे शोधून काढलं ते स्टॉर्म लेक या गावातल्या, आठवड्यातून दोनदा निघणाऱ्या एका वर्तमानपत्रानं. संपादक आर्ट कलन यांना त्या अग्रलेखांसाठी २०१७ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक मिळालं. गावातच राहून, गावातल्याच जाहिरातदारांना दुखवून हे लिहिणं सोपं नव्हतं. या गावांचा स्वभाव सांगताना केक आणि फुटबॉलबरोबर हेही सांगायला हवं. २०२५ च्या उन्हाळ्यात डि मॉइन परिसरात हिरवळीला पाणी घालायला बंदी करावी लागली, कारण नायट्रेट काढणारी यंत्रणा पुरी पडेना.

तर मग करायचं काय? अनुदानाला कुटुंबामागे कमाल मर्यादा. ठरावीक एकरांपुढे विम्याचा हप्ता ज्याचा त्यानं भरावा. नव्यानं शेती करू पाहणाऱ्याला जमीन देणाऱ्या म्हाताऱ्या मालकाला करात खरीखुरी सूट. कत्तलखान्यातल्या माणसाला कागदपत्रं आणि संघटना करायचा हक्क, म्हणजे तो कामगार न राहता गावकरी होईल. यातलं काहीही नवं नाही, अमेरिकेत हे प्रस्ताव वर्षानुवर्षं येतात आणि समितीत मरतात. क्रेस्को १९५० सारखं पुन्हा भरेल असं यानं होणार नाही. जे उरलं आहे ते आणखी वेगानं आटणार नाही, एवढंच.

आपल्यासाठी मात्र या गोष्टीतला एक भाग फार महत्त्वाचा आहे आणि परिसंवादात तो नेमका गळतो. १९५० साली आयोवातलं शेत सोडलेला माणूस कुठे जात होता? वॉटर्लूला. तिथे जॉन डिअरचा ट्रॅक्टरचा कारखाना होता, रॅथचा मोठा मांसकारखाना होता, दोन्हीकडे संघटना होत्या. सीडर रॅपिड्सला ओट्सची गिरणी होती, पुढे रेडिओची यंत्रं बनवणारी कॉलिन्स कंपनी. जमीन सुटली तरी पाच वर्षांत घर बांधता येईल, मुलं कॉलेजात घालता येतील आणि म्हातारपणी पेन्शन मिळेल असा पगार शंभर मैलांच्या आत होता. गाव आटलं, पण गावातून गेलेली माणसं बुडाली नाहीत. ज्या दशकात रॅथसारखे कारखाने बंद पडले, त्याच दशकात शेतीचं संकट इतकं जीवघेणं ठरलं, आणि हा मला योगायोग वाटत नाही.

बीडचा किंवा वाशिमचा सव्वातीन एकरवाला आज शेती सोडतो तेव्हा चाकणच्या कारखान्यात कंत्राटदाराकडून अकरा महिन्यांच्या कागदावर लागतो, नाही तर पुण्यात मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोचवतो. आई-वडील गावीच राहतात, कारण भाड्याच्या खोलीत चौघं मावत नाहीत. आजारपण आलं, काम सुटलं, की तो त्याच सव्वातीन एकरांवर परत येतो. टाळेबंदीत रांगा लावून परत आलेले आपण पाहिले आहेत. अर्थतज्ज्ञ ज्याला अकार्यक्षम तुकडा म्हणतात तो त्याचा विमा आहे, पेन्शन आहे आणि बेकारभत्ताही. तो तुकडा जोडून घ्यायची योजना जो मांडेल, त्यानं त्याच कागदावर त्याचं वॉटर्लू कुठे आहे तेही लिहावं.